साडेतीन वर्षे वापरलेल्या ‘स्मार्ट’ फळ्याचे परीक्षण

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जून २०२२ मध्ये पासष्ट इंची स्पर्शपटल बसवले गेले. कंपनीचे लोक त्याला ‘इंटरॅक्टिव्ह पॅनेल’ म्हणतात, गावकरी ‘स्मार्ट फळा’ म्हणतात आणि मुले ‘मोठा मोबाइल’ म्हणतात. तिघांपैकी मुलांचे नाव सर्वांत नेमके आहे, कारण आतून ती वस्तू खरोखरच मोबाइलसारखी चालते. माझी मुलगी त्याच जूनमध्ये पहिलीत दाखल झाली आणि आता चौथीत आहे, म्हणजे तिचे सगळे प्राथमिक शिक्षण या पडद्यासमोर झाले. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांपैकी एक म्हणून खरेदीच्या वेळी मी हजर होतो आणि नंतरच्या दुरुस्तीच्या फोनाफोनीतही होतो. शेजारच्या दोन गावांतून ‘घ्यावे का?’ अशी विचारणा झाल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण असाच संच वेगवेगळ्या नावांनी सगळीकडे विकला जातो आणि एका नावावर खापर फोडल्याने दुसऱ्या गावाचे पैसे वाचणार नाहीत.

शाळा सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आहे. वर्ग चार, शिक्षक दोन, पट सत्तेचाळीस. या भागातील अनेक घरांतील कर्ते पुरुष सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, म्हणजे गलाईच्या, व्यवसायासाठी केरळ, तमिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंत पांगलेले आहेत आणि मुले आजी-आजोबांजवळ राहतात. संचाची किंमत एक लाख अडतीस हजार रुपये होती. त्यातील नव्वद हजार यात्रेसाठी गावी आलेल्या गलाई मंडळींनी एका बैठकीत जमवले आणि उरलेली रक्कम घरटी वर्गणीतून आली. पैसे जमायला चार दिवस लागले, वस्तू यायला अकरा. शाळा नव्या तंत्रज्ञानाशी वेगाने जुळवून घेत नाहीत, असा आरोप करणाऱ्यांनी आमच्या गावची ही पंधरा दिवसांची गती जरूर पाहावी. अर्थात, घेणे वेगळे आणि वापरणे वेगळे, हे आम्हाला पुढच्या आठ महिन्यांत कळले.

त्या आठ महिन्यांचा दोष पूर्णपणे आमचा आहे, म्हणून तो आधी सांगतो. इतकी महागडी वस्तू मुलांच्या खडूने माखलेल्या हातांना कशी द्यायची, या धास्तीने पॅनेलवर आधी प्लास्टिक आणि त्यावर चादर टाकली गेली. रिमोट कपाटात आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात, अशी व्यवस्था होती. पडदा उघडला जायचा तो १५ ऑगस्टला आणि केंद्रप्रमुख भेटीला आले म्हणजे. २६ जानेवारी २०२३ रोजी पाहुण्यांसमोर देशभक्तिपर गीताचा व्हिडिओ लावला गेला आणि टाळ्या झाल्या, तेव्हा समितीतील एका आजींनी ‘लग्नातला टीव्ही झालाय हा’ असे सगळ्यांसमोर सुनावले. दुसऱ्या दिवसापासून चादर कायमची गेली.

वस्तू म्हणून पॅनेल उत्तम आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. काच जाड आहे. तिच्यावर एकदा चेंडू आणि एकदा कंपासपेटी आपटली, पण ओरखडाही उठला नाही. पश्चिमेकडील खिडकीतून ऊन आले तरी मागच्या रांगेतील मुलांना अक्षर दिसते. आवाजासाठी वेगळा स्पीकर लागत नाही. सोबत आलेली लेखणी आठवड्यात हरवली, पण बोटाने लिहिणे मुलांना अधिक सोपे जाते आणि तळहाताने पुसता येते. पहिलीतल्या मुलांना ही पुसण्याची सोय एवढी आवडली की त्यांच्यातला एक जण पाटीवरील पेन्सिलीची अक्षरेही तळहाताने पुसू लागला आणि ती नीट पुसली जात नाहीत म्हणून पाटी बिघडल्याची तक्रार घेऊन बाईंकडे गेला. वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरवर पॅनेल तासभर चालते. मात्र इन्व्हर्टर संचात नव्हता. तो आम्ही नंतर सव्वीस हजारांना घेतला. विक्रीच्या वेळी त्याचा उल्लेख झाला नाही आणि आम्हीही विचारले नाही.

आता संचातील ज्या भागासाठी कंपनी वेगळे पैसे लावते, त्या अभ्याससामग्रीकडे वळतो. पॅनेलमध्येच पहिली ते चौथीचे सर्व विषय भरून दिलेले होते, इंटरनेट लागणार नव्हते आणि परवाना तीन वर्षांचा होता. कागदावर ही व्यवस्था आमच्यासारख्या, रेंज येईल तेव्हा येणाऱ्या गावाला साजेशी वाटते. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की ही सामग्री मूळ मराठीत तयार झालेली नाही. वजाबाकीच्या चित्रफितीतील बाई ‘पाचमधून दोन घटवा’ म्हणतात. दोन अंकी बेरजेत ‘एक कॅरी करा’ असे सांगितले जाते, तर आमच्या वर्गात आणि घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या ‘हातचा एक’ असतो. एका फितीत भाजी आणायला निघालेला मुलगा लिफ्टने खाली उतरतो. लिफ्ट मुलांनी मोबाइलवर पाहिलेली असल्यामुळे त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही, हेही खरे. परंतु भाषेचा घोटाळा किरकोळ नाही. गणितात शब्द बदलला की सात वर्षांच्या मुलाला ती क्रियाच वेगळी वाटते.

संख्यानामांचे उदाहरण याहून बोलके आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘सत्तावन्न’सारख्या जोडाक्षरी नावांच्या बरोबरीने ‘पन्नास सात’ अशी वाचनपद्धत आली, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ उडाला होता, हे अनेकांना आठवत असेल. मराठीत आधी एकक आणि मग दशक उच्चारला जातो, लिहिताना मात्र दशक आधी येतो, त्यामुळे लहान मुले सत्तावन्न ऐकून पंच्याहत्तर लिहितात. ती अडचण ओळखून केलेला तो बदल होता. त्या वेळी मीही त्याची टिंगल केली होती. माझ्या मुलीला दुसरीत असताना आधी ‘पन्नास सात’ असे पुटपुटून मग ‘सत्तावन्न’ लिहिताना पाहिले आणि माझे मत बदलले. कंपनीच्या सामग्रीला मात्र या बदलाची गंधवार्ता नव्हती. पॅनेल आमच्याकडे आले तेव्हा पुस्तक तीन वर्षांचे झाले होते, तरीही पडद्यावर जुनीच पद्धत होती. म्हणजे जो छापील कागद ‘जुनाट’ म्हणून बाजूला सारायचा, तो मुलांच्या अडचणीच्या जवळ आधी पोहोचला होता आणि ‘स्मार्ट’ म्हणवणारी वस्तू मागे राहिली होती.

पुढे हे अंतर वाढतच गेले. सामग्रीची अनुक्रमणिका पुस्तकाच्या पानांवर बेतलेली होती. ‘पान ३४’ दाबले की त्या पानावरील पाठ उघडे. २०२३-२४ पासून राज्यात दप्तराचे ओझे कमी करण्यासाठी सर्व विषय एकत्र करून पुस्तके चार भागांत विभागली गेली आणि पाठांच्या अधेमधे वहीची कोरी पाने जोडली गेली. परिणामी तिसरी-चौथीच्या पुस्तकांतील पानांचे क्रमांक आणि पॅनेलमधील क्रमांक यांची फारकत झाली. आम्ही विचारणा केली तेव्हा ‘पुढच्या अपडेटमध्ये येईल’ असे उत्तर मिळाले. ते अपडेट येण्याआधीच कोऱ्या पानांचा निर्णय मागे घेण्यात आला, त्यामुळे कंपनीचे क्रमांक काहीही न करता पुन्हा जवळपास बरोबर ठरले. बंद पडलेले घड्याळ दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवते, तसाच हा प्रकार झाला. २०२५-२६ मध्ये पहिलीला नव्या अभ्यासक्रमाचे पुस्तक आले आणि उरलेले वर्ग टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. नेमक्या त्याच जूनमध्ये आमचा तीन वर्षांचा परवाना संपला आणि सामग्रीवर कुलूप पडले. पडद्यावर आता फक्त नूतनीकरणासाठीचा फोन क्रमांक दिसतो.

याहून मूलभूत त्रुटी वर्गरचनेची आहे. दोन शिक्षकांच्या शाळेत पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत बसते. बाई तिसरीला शिकवतात तेव्हा चौथी स्वाध्याय करते आणि मग अदलाबदल होते. हे बहुवर्ग अध्यापन महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत इतके सार्वत्रिक आहे की त्याला अपवाद म्हणणे चुकीचे ठरेल. कंपनीची चित्रफीत मात्र एका इयत्तेच्या भरगच्च वर्गासाठी, पस्तीस मिनिटांच्या तासिकेच्या हिशेबाने तयार केलेली आहे. पडदा तिसरीसाठी लागला की चौथीची पेन्सिल थांबते. खोलीतली सगळी डोकी तिकडे वळली म्हणजे बाईंचे अर्धे काम बंद. एका बाजूला तिसरीचा खेळ आणि दुसऱ्या बाजूला चौथीचे उदाहरण असा पडदा विभागता आला असता, तर या पॅनेलचा आमच्या शाळेला जेवढा उपयोग झाला असता तेवढा कुणालाच झाला नसता. पॅनेलमध्ये ती क्षमता आहे, सामग्रीत नाही. विक्रेत्याला हे सांगितले तेव्हा त्याने ‘एका खोलीत दोन वर्ग? असं कसं चालतं?’ असे विचारले. सांगली जिल्ह्यात शाळांना माल विकणाऱ्या माणसाचा हा प्रश्न मला अजून आठवतो.

सेवेविषयी थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२३ च्या झडीत पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्याचा ‘टच गेला’. तक्रार नोंदवल्यावर क्रमांक मिळाला, त्या क्रमांकावर फोन केल्यावर दुसरा क्रमांक मिळाला, आणि सात आठवड्यांनी एक तरुण अभियंता दुचाकीवरून आला. मुलगा सालस होता. त्याने कॅलिब्रेशन करून पाहिले, कोपऱ्यातील पट्टी बदलावी लागेल असे सांगितले, चहा घेतला आणि गेला. पट्टी आजतागायत आलेली नाही. तीन वर्षांच्या हमीचा मला आलेला अनुभव एवढाच. प्रशिक्षणाची कथा याहून आखूड आहे. दोन तासांचे एक सत्र झाले आणि त्याला बसलेल्या गुरुजींची पुढच्याच वर्षी दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. नव्या बाई आल्या तेव्हा पॅनेल सुरू कसे करायचे, हे त्यांना दुसरीतल्या मुलीने दाखवले.

या बाईंमुळेच हे परीक्षण केवळ तक्रारीचे होत नाही. पॅनेलचे जे उपयोग मला मोलाचे वाटतात, ते सगळे त्यांनी शोधले आणि त्यांपैकी एकही कंपनीच्या माहितीपत्रकात नव्हता.

एके दिवशी पालक भेटीसाठी गेलो असता तिसरी-चौथीचा मराठीचा तास चालू होता. बाईंनी पॅनेलवर मराठीतून बोलून टंकन करण्याची सोय सुरू केली होती. एकेका मुलाने पुढे येऊन कालच्या दिवसाविषयी एक वाक्य बोलायचे आणि यंत्राने लिहिलेले सगळ्यांनी वाचायचे. एक मुलगी म्हणाली, “आमी काल आज्जीसंगं रानात गेल्तो.” पडद्यावर उमटले: ‘आम्ही काल आजी संग रानात गेल तो’. वर्गात खसखस पिकली. बाईंनी विचारले, “‘तो’ कोण रे हा? कोण गेलं हिच्याबरोबर?” मागून एकाने “आज्जा!” असे उत्तर दिले आणि सगळे फुटले. मग बाईंनी बाजूला दोन रकाने आखले. एकात ‘घरी बोलतो तसं’ आणि दुसऱ्यात ‘पुस्तकात लिहितो तसं’. ‘गेल्तो’ पहिल्यात, ‘गेलो होतो’ दुसऱ्यात. ‘संगं’ पहिल्यात, ‘बरोबर’ दुसऱ्यात. मुलीचे बोलणे चुकले, असे बाई एकदाही म्हणाल्या नाहीत. ‘मशीनला आपली भाषा कळली नाही, तिला कळेल असं बोलून बघू’ एवढेच म्हणाल्या. मुलीने वाक्य पुन्हा सांगितले आणि या वेळी ते बिनचूक उमटले. प्रमाणभाषेचा पाठ मी आयुष्यभर छडीच्या किंवा खजील होण्याच्या आठवणींसकट बाळगला आहे. त्यामुळे हा अर्धा तास मी दारातच उभा राहून पाहिला. ही सोय कुठल्याही साध्या मोबाइलमध्ये फुकट असते, पण पासष्ट इंचांवर सगळ्या वर्गाला एकदम वाचता आली, हे पॅनेलचे श्रेय.

दुसरा प्रसंग गलाईचा. परिसर अभ्यासात व्यवसायांचा भाग आला तेव्हा बाईंनी केरळमध्ये असलेल्या एका पालकांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी आपल्या छोट्या दुकानातील भट्टी, मूस आणि तराजू दाखवला आणि चांदीचा रस साच्यात ओतूनही दाखवला. वर्गातील किमान दहा मुलांच्या घरात हाच व्यवसाय आहे, पण वडील दिवसभर नेमके काय करतात हे त्यांच्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदाच पाहिले. एका मुलाने “हात भाजत न्हाई का?” असे विचारले आणि त्या गृहस्थांनी मनगटावरचे व्रण दाखवले. त्या क्षणी पडदा मोठा असल्याचा फायदा कळला, आणि रेंज चार मिनिटांत गेल्याचा तोटाही. राहिलेला भाग त्यांनी चित्रित करून पाठवला. पुस्तकात नसलेला हा धडा आमच्या तालुक्याबाहेर कुणाला कदाचित नको असेल. कंपनीच्या सामग्रीत तो येणार नाही, हे तर उघडच आहे.

बाईंचा रोजचा आधार मात्र ‘दीक्षा’ आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू केलेल्या या मंचाला बालभारतीची पुस्तके क्यूआर कोडने जोडलेली आहेत. पाठाच्या पानावरील चौकोन स्कॅन केला, किंवा त्याखालील सहा अक्षरांचा संकेत टाकला, की त्या पाठाशी संबंधित साहित्य उघडते, उतरवून ठेवता येते आणि नंतर इंटरनेटशिवाय चालवता येते. बाई रात्री विट्यातील घरी रेंज असताना उद्याचे साहित्य उतरवतात आणि सकाळी मोबाइल पॅनेलला जोडतात. यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. आम्ही खरेदीच्या बैठकीत दीक्षाचे नावही काढले नव्हते, याची आता लाज वाटते. या क्यूआर कोडची मुळे शेजारच्याच जिल्ह्यात आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला, नंतर राज्याने ती कल्पना स्वीकारली, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला, ज्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पुरस्काराची बातमी सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यातील वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. जे जुळवून घेणे मंत्रालयाला किंवा कंपनीला आधी सुचायला हवे होते, ते एका छोट्या शाळेत सुचले, आणि तेही पुस्तक फेकून न देता पुस्तकालाच जोडून.

मराठी मुलांसाठी चांगली दृश्य सामग्री इथे तयार होत नाही, असा कंपन्यांचा एक युक्तिवाद असतो. त्यांना मी ‘टिलीमिली’ची आठवण करून देतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि जुलैमध्ये एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ही मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी सुरू झाली होती. माझा मोठा मुलगा तेव्हा तिसरीत होता. मालिका बालभारतीच्या पाठांवर आधारलेली होती आणि घरात, अंगणात सापडणाऱ्या वस्तू घेऊन करून पाहायला सांगत असे, त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरातील वाट्या बरेच दिवस मापाच्या कामी लागल्या होत्या. चार महिन्यांत, ऐन टाळेबंदीत आणि साध्या टीव्हीवर हे घडू शकले.

हा मोठा मुलगा आता तालुक्याच्या गावी एका इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत आठवीत आहे. तिथे प्रत्येक वर्गात पॅनेल आहे, शाळेचे स्वतःचे अ‍ॅप आहे आणि त्यासाठी शुल्कात वेगळी रक्कम आहे. अ‍ॅपवर रोज गृहपाठाचा फोटो येतो. हा गृहपाठ म्हणजे फळ्यावर लिहिलेली दहा प्रश्नोत्तरे. मुलगा तो फोटो पाहून वहीत उतरवतो आणि वहीचा फोटो काढून पुन्हा अ‍ॅपवर टाकतो. माझ्या शाळेत आम्ही हेच करत होतो, फक्त फोटो नव्हते. ग्रामीण भारताच्या ‘असर २०२४’ या पाहणीत चौदा ते सोळा वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे दिसले. त्यांच्यापैकी मागच्या आठवड्यात शिक्षणाशी संबंधित काही करण्यासाठी फोन वापरणारी ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. आमच्या घरातील आकडे बहुधा याहून वाईट निघतील. फोनवर शिकण्यासारखे काय आहे, हे मुलाला शाळेने दाखवले नाही आणि मीही दाखवले नाही. त्याची धाकटी बहीण मात्र फोन हातात आला की आजीच्या म्हणी बोलून टंकन करून बघते आणि यंत्राची फजिती झाली की खूश होते.

शिक्षकांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाईंचा मोबाइल शिकवण्यासाठी हातात येण्यापूर्वी हजेरी, पोषण आहाराची नोंद, चाचण्यांचे गुण, कुठल्या तरी कार्यक्रमाचे छायाचित्र, अशी माहिती भरण्यासाठी येतो. दुपारी एकच्या सुमारास व्हरांड्याच्या टोकाला, जिथे रेंजच्या दोन काड्या दिसतात तिथे, त्या हात उंच करून उभ्या असतात. तंत्रज्ञान शाळेत आले, ते आधी माहिती गोळा करण्यासाठी आले, शिकवण्यासाठी मागाहून. दिवसाची जी चाळीस मिनिटे त्यात जातात, ती बाईंना परत मिळाली तर मराठीच्या त्या अर्ध्या तासासारखे तास आठवड्यातून एकदा होतात ते तीनदा होतील, असे त्यांचे म्हणणे आहे आणि त्यांचे काम पाहून मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

तेव्हा विचारणाऱ्या गावांना माझे उत्तर असे. पॅनेल म्हणून पाचपैकी साडेचार गुण, सेवेला एक, आणि सामग्रीला दीड, तोही ती इंटरनेटशिवाय चालत होती म्हणून. पडदा घ्यायचाच असेल तर नुसता पडदा घ्यावा, सामग्रीचे पैसे वाचवावेत आणि त्या पैशांतून इन्व्हर्टर आणि शक्य झाल्यास चांगली इंटरनेट जोडणी घ्यावी. विक्रेत्याला सही करण्यापूर्वी पुस्तक बदलले तर किती दिवसांत सामग्री बदलेल, हे लेखी मागावे. आम्ही ते मागितले असते तर व्यवहार बहुधा तिथेच थांबला असता. बिघाड झाल्यावर माणूस कुठल्या गावाहून येणार, हेही विचारावे. पुण्याहून येणार असेल तर तो सात आठवड्यांनी येईल असे धरून चालावे. शाळेत दोन वर्ग एका खोलीत बसत असतील तर प्रात्यक्षिक त्याच खोलीत, दोन्ही वर्ग बसलेले असताना मागावे, रिकाम्या खोलीत नको. आणि पहिल्या दिवसापासून चादर घालू नये.

आमच्या समितीची बैठक गेल्या महिन्यात झाली. कंपनीने वार्षिक देखभालीसाठी चौदा हजार आणि सामग्रीच्या नूतनीकरणासाठी बावीस हजार मागितले होते. एकतीस ते शंभर पटाच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला पंचवीस हजारांचे संयुक्त अनुदान मिळते, त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात आणि उरलेल्यातून खडूपासून वीजबिलापर्यंत सगळे भागवायचे असते. दोन्ही प्रस्ताव एकमताने फेटाळले गेले. इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला आली आहे, ती घ्यायचे ठरले. विट्यातील एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने कोपऱ्याची पट्टी बाहेरून मागवून बसवण्याची तयारी दाखवली आहे, त्याला अडीच हजारांची मर्यादा घालून होकार दिला. तोपर्यंत मुलांनी आपला मार्ग काढलेला आहे. उजव्या खालच्या कोपऱ्यातील बटण दाबायचे असले की ती आधी अख्खी खिडकी बोटाने ओढून डावीकडे सरकवतात, दाबतात आणि परत जागेवर ठेवतात. पहिलीत नव्याने आलेल्या मुलांना पॅनेल असेच वापरायचे असते असे वाटते.